दोन तास उलटले म्हणून सदोष गेमचे पैसे बुडत नाहीत

नाशिकच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. त्यांनी अकरावीतल्या मुलीसाठी एका ऑनलाइन दुकानातून कॉम्प्युटरवर खेळायचा गेम घेतला. किंमत ४,४९९ रुपये, पैसे वडिलांच्या क्रेडिट कार्डावरून गेले. सुरुवातीचे काही तास सगळं ठीक चाललं. मग एका ठरावीक प्रसंगाशी आलं की गेम बंद पडायला लागला, आणि पुन्हा उघडला की सेव्ह केलेला खेळ गायब. रिफंड मागितला तर दुकानाने कळवलं, ‘खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ झाला असेल तरच पैसे परत मिळतात, तुमचा खेळ अकरा तासांचा झाला आहे.’ गेम काढणारी कंपनी म्हणते, पुढच्या पॅचची, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटची, वाट बघा. शिवाय वापराच्या अटींत लिहिलंय की वाद झाला तर तो लवादापुढे, तोही परदेशी कायद्याने. या गृहस्थांचा प्रश्न एवढाच आहे की यात कायद्याने काही करता येतं का, की साडेचार हजारांवर पाणी सोडायचं?

करता येतं. मी ग्राहक आयोगात तक्रारदारांच्या बाजूने उभा राहतो आणि डिजिटल खरेदीच्या भांडणांत बहुतेकांचं पाऊल पहिल्याच ईमेलमध्ये चुकतं. ते दुकानाकडे ‘रिफंड पॉलिसीप्रमाणे’ पैसे मागतात. दुकान पॉलिसी उघडतं, दोन तासांची अट दाखवतं आणि विषय संपवतं. त्या मागणीपुरतं ते बरोबरही असतं.

दोन तास आणि चौदा दिवसांची सवलत मुळात कशासाठी आहे ते बघा. गेम आवडला नाही, चुकून घेतला, आपल्या कॉम्प्युटरवर नीट चालत नाही असं वाटलं, तर कारण न देता परत करता यावा, म्हणून दुकानाने आपणहून दिलेली ती मुभा आहे. स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानाने ती जून २०१५ मध्ये सुरू केली, पुढे एपिक या दुसऱ्या दुकानानेही जवळपास तशीच ठेवली. ही सवलत मन बदललेल्या गिऱ्हाईकासाठी. माल सदोष निघाला तर काय, याचं उत्तर दुकानाच्या पॉलिसीत शोधायचं नसतं, ते कायद्यात आहे. बिलाखाली ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं म्हणून शिवण उसवलेला शर्ट गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारता येत नाही, तसंच हे.

आता कायदा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) मध्ये ग्राहकाची व्याख्या आहे आणि ऑनलाइन खरेदी तिच्यात स्पष्टपणे धरलेली आहे. पैसे वडिलांनी दिले, खेळते मुलगी, म्हणून काही अडत नाही; खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. मुलगी अल्पवयीन असल्यामुळे तक्रार वडिलांनी स्वतःच्या नावाने करावी, बिल आणि कार्ड दोन्ही त्यांचंच आहे. कलम २(४७)(८) प्रमाणे सदोष माल परत घ्यायला किंवा त्रुटीची सेवा बंद करून पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, आणि नसेल तर तीस दिवस. याला जोड म्हणून जुलै २०२० पासून लागू असलेले ई-कॉमर्स नियम आहेत. डिजिटल उत्पादनांनाही ते लागू आहेत असं त्यांतच म्हटलंय, आणि भारतात दुकान न थाटता इथल्या ग्राहकांना पद्धतशीर विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्याही त्यांच्या कक्षेत येतात. नियम ६ विक्रेत्याला बजावतो की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर पैसे परत करायला नकार देता येणार नाही. त्यात खेळलेल्या तासांचा उल्लेख नाही.

मग दुकानाचा वकील म्हणेल, गेम हा माल नाहीच, आम्ही फक्त वापरायचा परवाना दिला. हा मुद्दा हलका समजू नका. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तयार, बाजारात सरसकट विकलं जाणारं सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे असं धरलं. तो वाद विक्रीकराचा होता आणि सॉफ्टवेअर सीडीवरचं होतं, म्हणून डाउनलोड केलेल्या गेमला तो निकाल जसाच्या तसा लागू होतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सांगायची गरजही नाही. तक्रारीत दोन्ही बाजू मांडायच्या: ‘सदर गेम हा सदोष माल आहे, पर्यायाने, सामनेवाल्यांनी दिलेल्या सेवेत त्रुटी आहे.’ दुकान ‘माल नाही’ म्हणालं तर ते सेवेच्या कचाट्यात सापडतं. गेम चालायला दुकानाचं लॉन्चर (गेम उघडून देणारा प्रोग्राम), खातं आणि सर्व्हर लागतात, तेव्हा सेवा नाही असंही त्यांना म्हणता येत नाही.

हाच वाद ऑस्ट्रेलियात शेवटपर्यंत लढला गेला आहे. तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीवर दावा लावला. तेव्हा स्टीमवर रिफंड जवळपास नव्हताच. कंपनीचं म्हणणं असं की आम्ही अमेरिकेतले, करार वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याखाली, ऑस्ट्रेलियात आम्ही धंदा करतच नाही, आणि आम्ही विकतो तो मालही नाही. न्यायालयाने वस्तुस्थिती पाहिली. ऑस्ट्रेलियात सुमारे २२ लाख खाती, तिथेच बसवलेले सर्व्हर, आणि दररोजची विक्री. मार्च २०१६ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला. तिथल्या कायद्यात ‘माल’ या शब्दात सॉफ्टवेअरचा समावेश आहेच, आणि ग्राहकाला मिळणारी दर्जाची हमी करारातल्या अटीने पुसता येत नाही असं ठरलं. दंड किती लावायचा यावर कंपनी अडीच लाख डॉलर म्हणत होती. न्यायालयाने तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लावला. २०१७ मध्ये अपील फेटाळलं गेलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च पातळीवरही दाद मिळाली नाही. २०२० मध्ये सोनीच्या गेम विकणाऱ्या युरोपीय कंपनीलाही तिथेच ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. गेम डाउनलोड झाला किंवा चौदा दिवस उलटले की आम्ही रिफंड द्यायला बांधील नाही, असं ग्राहकांना सांगितल्याबद्दल. हे निकाल आपल्या आयोगाला बंधनकारक नाहीत. पण तुमच्या दुकानाचा बचाव अगदी तसाच असल्यामुळे ते दाखवायला उपयोगी पडतात, आणि आपले २०२० चे नियम त्याच वळणाचे आहेत.

लवादाच्या अटीला घाबरू नका. लवादाचं कलम करारात असलं तरी ग्राहक मंचाचा दरवाजा बंद होत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. अधिनियमाचं कलम १०० सांगतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे. आणि कलम ३४ मुळे तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचा उद्योग करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार लावता येते, म्हणजे तुमच्यासाठी नाशिक. एक सावधगिरी मात्र बाळगा. वापराच्या अटी ‘अन्यायकारक करार’ म्हणून रद्द करून द्या अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका. तो अधिकार राज्य आयोगापासून वर सुरू होतो आणि त्या एका मागणीपायी अख्खी तक्रार अधिकारक्षेत्राच्या वादात अडकते. तुम्हाला करार मोडायचा नाही, पैसे हवे आहेत.

इतकं झालं की गाडं पुराव्यावर येतं, आणि गेमच्या प्रकरणात खरी कसोटी तिथेच लागते. फ्रिज बिघडला तर तो दाखवता येतो. गेमच्या बाबतीत समोरचा पहिल्याच फटक्यात म्हणतो, ‘दोष तुमच्या मशीनमध्ये आहे.’ हे वाक्य येणार हे धरूनच फाइल तयार करायची.

विंडोजवर सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा, रिलायबिलिटी मॉनिटर उघडेल. तारखांचा आलेख दिसतो आणि ज्या दिवशी काही बंद पडलं तिथे लाल फुली असते. फुलीवर क्लिक करून तपशील उघडा. तिथे कोणता प्रोग्राम पडला, त्याची आवृत्ती कोणती आणि नेमकं कुठल्या मॉड्यूलमध्ये तो पडला हे लिहिलेलं असतं. मॉड्यूलच्या जागी प्रत्येक वेळी गेमचीच फाइल दिसत असेल तर तुमची बाजू वजनदार होते. ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल दिसत असेल तर आधी ड्रायव्हर अद्ययावत करून पुन्हा खेळून बघा, नाहीतर हाच कागद तुमच्यावर उलटेल. मग विंडोजमधलंच ‘डीएक्सडायग’ (dxdiag) चालवा आणि सगळी माहिती फाइलमध्ये साठवा. त्यात प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं एका जागी येतं. त्याच्या शेजारी दुकानाच्या पानावरच्या किमान आणि शिफारस केलेल्या गरजांचा स्क्रीनशॉट ठेवा. हे दोन कागद एकत्र लावले की ‘मशीन कमी पडलं’ हा बचाव तिथल्या तिथे संपतो. अर्थात मशीन खरोखरच कमी पडत नसेल तरच. दुकानाच्या लॉन्चरमध्ये फाइली तपासून घ्यायची सोय असते, ती वापरा आणि निकाल दाखवणारा स्क्रीनशॉट घ्या. मॉड, म्हणजे इतरांनी बनवलेले फेरबदल, बसवले असतील तर काढून, कोऱ्या इन्स्टॉलवर तोच बिघाड पुन्हा घडवून दाखवा. फोनवर न थांबवता चित्रीकरण करा: मॉनिटरवरची तारीख, गेमची आवृत्ती, तो प्रसंग, गेमचं बंद पडणं, पुन्हा उघडणं आणि रिकामी सेव्ह यादी. मधे कापाकाप नको. (प्लेस्टेशन ५ असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम सॉफ्टवेअरखाली एरर हिस्टरी मिळते, कोड आणि वेळ दोन्ही.)

पण सगळ्यात चांगला पुरावा तुमच्या घरात नसतो, तो कंपनीने स्वतः लिहिलेला असतो. पॅचच्या नोंदींत ‘अमुक प्रसंगी गेम बंद पडण्याची अडचण दूर केली’ असं वाक्य सापडलं, किंवा माहीत असलेल्या दोषांच्या यादीत तुमचा दोष दिसला, तर ती कबुलीच. कायद्यात दोष तपासायला नमुना प्रयोगशाळेकडे पाठवायची तरतूद आहे, पण गेमच्या बाबतीत तो रस्ता लांबचा आणि खर्चाचा आहे. अशी कबुली हाती असली की त्याची गरज पडत नाही. सायबरपंक २०७७ हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला. जुन्या कन्सोलवर तो इतका मोडका होता की चारच दिवसांत कंपनीने जाहीर माफी मागितली, आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. बॅटमॅन: आर्खम नाइटची कॉम्प्युटरवरची आवृत्ती जून २०१५ मध्ये बाजारात येताच विक्री थांबवावी लागली. त्याच वर्षी पुढे कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेरपर्यंत कितीही तास खेळलेला असो, पूर्ण पैसे परत. खेळलेले तास हा दगडावरचा नियम नाही हे त्या धंद्यातल्या लोकांनीच दाखवून दिलंय.

अकरा तासांच्या मुद्द्याला लेखी उत्तर द्याच, सोडून देऊ नका. दोष दहाव्या तासानंतर येत असेल तर तो दोन तासांत कळणार कसा? बाराव्या प्रकरणात अडणारा गेम सदोष आहे हे बारावं प्रकरण गाठल्याशिवाय समजत नाही, आणि सेव्ह उडाल्यामुळे तेच तेच पुन्हा खेळावं लागून तास आणखी वाढले. तासांची आकडेवारी दुकानाने दिलेली असते, तीच तुमच्या कामी येते.

आता पत्र. चॅटवरच्या मदतनिसाला नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्याला. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याचं नाव आणि संपर्क दुकानाने प्रसिद्ध करायचा असतो, ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. मजकूर असा चालेल:

‘अमुक तारखेला अमुक ऑर्डर क्रमांकाने घेतलेला गेम अमुक प्रसंगी दर वेळी बंद पडतो व साठवलेला खेळ नष्ट होतो. माझा संगणक आपण जाहीर केलेल्या गरजा पूर्ण करतो. पुरावे सोबत जोडले आहेत. मी आपल्या ऐच्छिक रिफंड धोरणाखाली नव्हे, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि ई-कॉमर्स नियम, २०२० खाली सदोष उत्पादनाबद्दल रक्कम परत मागत आहे. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत दोष पूर्णपणे दूर करावा किंवा ४,४९९ रुपये मूळ पेमेंटच्या मार्गाने परत करावेत. दुकानाच्या वॉलेटमधील जमा मला मान्य नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. वॉलेटमध्ये पैसे टाकून प्रकरण मिटवायची दुकानांना फार हौस असते. याच पत्राची प्रत गेम काढणाऱ्या कंपनीलाही पाठवा. पॅचची वाट बघायला माझी हरकत नाही, पण मुदत तुम्ही घालायची. ‘लवकरच’ ही मुदत नव्हे.

उत्तर आलं नाही किंवा तेच पोपटपंचीचं आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिला हुकूम काढायचा अधिकार नाही, पण बऱ्याच कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला स्वतंत्र माणूस देतात आणि एवढ्या रकमेची प्रकरणं पुष्कळदा तिथेच मिटतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेकडून कागद नजरेखालून घालून घेता आले तर उत्तमच.

कार्ड असल्यामुळे बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत, मागायचाही पर्याय आहे, आणि बरेच जण तोच आधी सुचवतात. मी तो शेवटी ठेवतो. चार्जबॅक गेला की बहुतेक दुकानं खातं गोठवतात, आणि त्या खात्यात मुलीने आधी घेतलेले सगळे गेम असतील तर साडेचार हजारांसाठी वीस हजारांची लायब्ररी अडकते. खात्यात हा एकच गेम असेल तर खुशाल करा, फक्त उशीर करू नका, कार्डाच्या तक्रारींना मुदत असते.

त्यापुढे जिल्हा आयोग. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आलंय, तक्रार घरबसल्या दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. दोन वर्षांची मुदत मी नेहमी खरेदीच्या तारखेपासून मोजायला सांगतो. नकाराच्या तारखेपासून मोजता येईल का हा वाद मुळात ओढवून घ्यायचाच कशाला. सामनेवाले म्हणून दुकान आणि गेमची कंपनी दोघांनाही घाला. दुकान म्हणेल आम्ही मध्यस्थ, पण पावती कोणाच्या नावाची आहे ते बघा, पैसे त्याच कंपनीने घेतलेत. नोटीस बजावण्यात परदेशी कंपनी वेळ खाते, म्हणून तिची भारतातली शाखा किंवा इथला संपर्क असेल तर तोही पत्ता द्या. चित्रीकरण आणि स्क्रीनशॉट यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या तांत्रिकतेत फार शिरत नाही, पण समोरच्याला आक्षेपाची फट कशाला ठेवायची?

मागण्या माफक ठेवा. किंमत, तीवर व्याज, तक्रारीचा खर्च आणि त्रासापोटी थोडी रक्कम. साडेचार हजारांच्या गेमसाठी पाच लाखांचा मानसिक त्रास मागणारी तक्रार वाचताना सदस्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी समोरून पाहिलंय. कायद्यात निकालासाठी तीन महिने म्हटलेत; प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चाला. तेवढी चिकाटी नसेल तर हेल्पलाइनपर्यंत जाऊन थांबण्यात कमीपणा नाही.

कशाला दोष म्हणता येणार नाही तेही सांगतो. गेम कंटाळवाणा आहे, फार कठीण आहे, शेवट आवडला नाही, हे दोष नव्हेत. अर्ली ॲक्सेस म्हणून, अपुरा आहे असं ठळकपणे सांगून विकलेल्या गेममध्ये किरकोळ बिघाड येणार हे तुम्ही मान्य केलेलं असतं. जाहिरातीत दाखवलेली सोय गेममध्ये नसेलच तर तो दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दा होतो, वेगळा आणि कधी कधी जास्त भक्कम. गेमिंग कॅफेसाठी घेतलेल्या प्रती असतील तर व्यापारी हेतूचा आक्षेप येईल. स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वतः चालवत असलेला छोटा कॅफे असेल तर तो परतवता येतो. आणि इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवरून काही शे रुपयांत घेतलेली ‘ऑफलाइन ॲक्टिव्हेशन’ची खाती घेऊन माझ्याकडे येऊ नका. पावती नाही, विक्रेत्याचा ठावठिकाणा नाही, आणि वस्तू मुळात दुसऱ्याच्या खात्यातली.

मुलं परदेशात शिकत असतील तर तिथला कायदा वेगळा. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यात डिजिटल मजकुरासाठी स्वतंत्र प्रकरण आहे: आधी दुरुस्ती किंवा बदली, ती जमली नाही तर किमतीत कपात, आणि ही कपात पूर्ण किमतीइतकीही असू शकते. डिस्कवर घेतलेला गेम सदोष निघाला तर तीस दिवसांत थेट परत करता येतो, नुसत्या डाउनलोडला ती सोय नाही.

नाशिकच्या या वडिलांनी आज एवढं करावं. दुकानाचं विक्रीचं पान, नकाराचा ईमेल आणि कंपनीच्या पॅच-नोंदी तारखेसकट पीडीएफ करून ठेवाव्यात, कारण ती पानं बदलतात. पत्र आजच धाडावं. आणि प्रकरण मिटेपर्यंत तो गेम अनइन्स्टॉल करू नये, कॉम्प्युटरही फॉरमॅट करू नये. क्रॅशच्या नोंदी आणि बिघडलेल्या सेव्ह फाइली त्यातच आहेत, त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्यावी.